फॉस्फो-एकेटीचा ब्लॉट: बाटली उघडण्याआधीचं काम

वेस्टर्न ब्लॉटमध्ये पेशींतली प्रथिनं जेलवर वजनानुसार वेगळी करून मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवतात, आणि हवं ते प्रथिन अँटिबॉडी लावून रेघेसारखं, म्हणजे बँड म्हणून, दाखवतात. फॉस्फो-एकेटीची, म्हणजे फॉस्फेट चढलेल्या एकेटी प्रथिनाची, अँटिबॉडी महाग असते आणि बाटलीत शंभरेक मायक्रोलिटरच येतात. त्यामुळे विद्यार्थ्यांचं सगळं लक्ष त्या बाटलीकडे असतं. बँड दिसला नाही की पहिला संशयही तिच्यावरच. मी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान विभागाची प्रयोगशाळा सांभाळते आणि एमएस्सीच्या मुलांचे ब्लॉट रोज बघते. माझं ठाम मत आहे की या ब्लॉटचा निकाल अँटिबॉडी मेम्ब्रेनवर पडण्याच्या आदल्या दिवशीच लागलेला असतो, पेशी फोडतानाच्या दोन-तीन मिनिटांत. म्हणून ही कृती लिहिताना मी तिथंच जास्त वेळ थांबणार आहे. जेल ओतणं, चालवणं हे तुम्हाला येतं असं धरते.

आधी आपण काय शोधतोय ते पक्कं करू. एकेटी हे प्रथिन पेशीत कायमच असतं, वजन साधारण ६० किलोडाल्टन. त्याची तीन रूपं आहेत: एकेटी-१, २ आणि ३. इन्सुलिनसारखा निरोप पेशीच्या दाराशी आला की पीआय-थ्री-कायनेज हे एन्झाइम पेशीपटलावर पिप-थ्री नावाचा मेद तयार करतं, त्याला धरून एकेटी पटलाशी येतं, आणि तिथं त्याच्यावर दोन जागी फॉस्फेट चढतं. थ्रिओनिन ३०८ वर ते पीडीके-१ चढवतं, सेरिन ४७३ वर एमटॉर कॉम्प्लेक्स-२. असं जागं झालेलं एकेटी मग बॅड, फॉक्सो अशा मृत्यूकडे नेणाऱ्या प्रथिनांना गप्प करतं आणि पेशी तगते. पीटेन हे एन्झाइम पिप-थ्री मोडून हा निरोप थांबवतं.

आपली अँटिबॉडी सेरिन ४७३ वरचं फॉस्फेट ओळखते. फॉस्फेट नसेल तर एकेटी कितीही असो, तिच्या लेखी ते नाहीच. एकेटी-२ मध्ये हीच जागा ४७४ आणि एकेटी-३ मध्ये ४७२ वर येते. बहुतेक अँटिबॉडी तिन्ही धरतात. त्यामुळे तुमच्या बँडवरून 'एकेटी-१ वाढलं' असं लिहू नका.

अडचण ही, की फॉस्फेट काढणारी एन्झाइम्स, म्हणजे फॉस्फेटेज, त्याच पेशीत हजर असतात. पेशी फुटली की त्यांना मोकळं रान मिळतं. तुम्ही स्क्रॅपर शोधत फिरलात तर तेवढ्यात तुमचा बँड गेला.

बाटली आल्यावर

आपल्याकडे माल बहुधा मुंबईहून किंवा पुण्याहून येतो. पावसाळ्यात कसारा घाटात गाड्या अडकतात, आणि शनिवारी निघालेलं पार्सल सोमवारपर्यंत गोदामात पडून राहतं. म्हणून पुरवठादाराला सांगून ठेवा, माल सोमवारी किंवा मंगळवारीच पाठवा. आइस पॅक वितळलेला दिसला तरी लगेच घाबरू नका. या अँटिबॉडी बहुतेक वेळा ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असतात, उणे २० अंशालाही त्या द्रवच राहतात, आणि एखाद्या दिवसाच्या उबेनं सहसा मरत नाहीत. तारीख आणि पॅकची अवस्था मात्र वहीत लिहा.

ग्लिसरॉल असलेल्या बाटलीचे छोटे भाग पाडायची गरज नाही. उत्पादक तसं न करायलाच सांगतात. ग्लिसरॉल नसेल तर भाग पाडा, म्हणजे तेच द्रावण पुन्हा पुन्हा गोठणार-वितळणार नाही. आणि कृपा करून ती फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या बर्फकप्प्यात ठेवू नका. तो कप्पा बर्फ साचू नये म्हणून मधूनमधून स्वतःला गरम करतो. घरासाठी ही सोय चांगली, अँटिबॉडीसाठी नाही. उघडण्याआधी बाटली मिनी सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा, कारण झाकणाला चिकटलेला थेंब हाच पाच-सात ब्लॉटचा माल असतो.

क्लोन, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा वंश, कोणता हे पत्रकावर असतं. खूप वापरला जाणारा सशाचा मोनोक्लोनल म्हणजे डी-९-ई. वेस्टर्नसाठी तो १ : २००० ला चालतो. दुसरी कुठली असेल तर तिच्या पत्रकातलं प्रमाण घ्या, मैत्रिणीच्या वहीतलं नको.

पेशी आणि त्यांचा उपास

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून पेशी मागवता येतात. शिकण्यासाठी मी यकृताच्या हेप-जी-२ पेशी सुचवते, त्या इन्सुलिनला छान प्रतिसाद देतात. पीसी-३, एलएनकॅप किंवा जर्काट पेशींत पीटेन काम करत नाही, म्हणून त्यांत फॉस्फो-एकेटी उपाशीपोटीही चढलेलंच असतं. 'अँटिबॉडी चालते का' हे तपासायला त्यांचं लायसेट (पेशी फोडून मिळालेला द्रव) उत्तम. 'माझ्या औषधानं एकेटी जागं होतं का' हे विचारायला त्या पेशी निरुपयोगी.

सहा खणांच्या प्लेटमध्ये पेशी ७०-८० टक्के भरल्या की रात्रभर सीरमविना ठेवा. सीरममध्ये वाढीचे घटक असतात. ते काढले नाहीत तर सगळेच खण जागे राहतात आणि फरक दिसत नाही. सकाळी खण असे वाटून घ्या: एक नुसता उपाशी, एकात इन्सुलिन, एकात आधी तासभर एलवाय-२९४००२ (५० मायक्रोमोलर) आणि मग इन्सुलिन, एकात एलवाय ज्यात विरघळवलं तेवढंच डीएमएसओ आणि मग इन्सुलिन. उरलेल्या दोनांत तुमचा नमुना, म्हणजे तपासायचं औषध किंवा अर्क, इन्सुलिनविना आणि इन्सुलिनसह. एलवाय पीआय-थ्री-कायनेजला अडवतं, म्हणून त्या खणात बँड गेलाच पाहिजे. तो गेला नाही तर तुम्ही जो बँड बघताय तो फॉस्फो-एकेटी नसण्याचीच शक्यता जास्त.

इन्सुलिन लागतं १०० नॅनोमोलर, दहा मिनिटं. संशोधनासाठी प्रयोगशाळेच्या दर्जाचंच घ्या. पण प्रात्यक्षिकापुरतं औषधाच्या दुकानातलं साधं 'रेग्युलर' मानवी इन्सुलिन चालतं, विभागानं रीतसर चिठ्ठी घेऊन आणलेलं. ३०/७० चं मिश्रण नको, दुधाळ दिसणारं तर नकोच. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलिलिटरची बाटली सर्रास मिळते. तिची तीव्रता साधारण २४० मायक्रोमोलर भरते. १० मायक्रोलिटर इन्सुलिन आणि २३० मायक्रोलिटर सीरमविना माध्यम मिसळलं की १० मायक्रोमोलर झालं. त्यातलं १० मायक्रोलिटर दर १ मिलिलिटर माध्यमात टाका. बाटलीवर १०० युनिट लिहिलं असेल तर हा हिशेब बदलतो, आधी लेबल वाचा.

ती दोन-तीन मिनिटं

सगळी तयारी इन्सुलिन टाकायच्या आधी. बर्फ करणारं यंत्र नसेल तर उसाच्या रसाच्या गाड्यांना बर्फ देणाऱ्या कारखान्यातून लादी आणा, पोत्यात गुंडाळून मोगरीनं बारीक फोडा, आणि थर्माकोलच्या खोक्यात भरून वर थोडं पाणी ओता. हे पाणी विसरू नका. नुसत्या खड्यांवर ठेवलेली प्लेट चार टोकांवर टेकते आणि खालून हवेवरच राहते. बर्फाच्या गाळात ठेवली की तिचा सगळा तळ थंड होतो. गाळ प्लेटच्या कडेच्या खालीच राहू द्या, नाहीतर खणात पाणी शिरेल. मे महिन्यात पारा चाळीसला टेकतो तेव्हा दर अर्ध्या तासानं बर्फ बदला.

थंड पीबीएस (फॉस्फेट असलेलं मिठाचं बफर), स्क्रॅपर, लेबल लावलेल्या ट्यूब, सगळं उजव्या हाताशी. पेशी ट्रिप्सिननं सोडवू नका. पेशी तळापासून सुटली की तिचे निरोप बदलतात, आणि आपण मोजतोय तेच हाललं तर उरलं काय?

पुढे दोन वाटा आहेत. पहिली नेहमीची: पेशी फोडणारं आरआयपीए बफर, बर्फावर. त्यात प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स, रोखणारं मिश्रण हवं, आणि फॉस्फेटेज रोखणारी द्रव्यंही हवीत. सेरिन-थ्रिओनिनवरच्या फॉस्फेटेजसाठी सोडियम फ्लोराइड ५० मिलिमोलर आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर. टायरोसिनवरच्यांसाठी सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलिमोलर. फ्लोराइड विषारी आहे, हातमोजे घाला आणि ते प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा. पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही, ते अगदी शेवटी टाका.

व्हॅनाडेट नुसतं विरघळवून चालत नाही. २०० मिलिमोलरचं द्रावण करा आणि पीएच १० ला आणा. हायड्रोक्लोरिक आम्ल पडताच ते पिवळं होतं. हा पिवळा रंग म्हणजे व्हॅनाडेटचे रेणू एकमेकांना जुळलेत, तशा रूपात ते टायरोसिन फॉस्फेटेजना नीट अडवत नाहीत. रंग जाईपर्यंत उकळा, थंड करा, पीएच पुन्हा १० करा, पुन्हा पिवळं झालं तर पुन्हा उकळा. द्रावण पाण्यासारखं राहिलं आणि पीएच हलेनासा झाला की भाग पाडून उणे २० ला. घाईत ही पायरी गाळली जाते, आणि तरीही बफरच्या यादीत व्हॅनाडेट लिहिलेलं असतं.

दुसरी वाट मला जास्त आवडते आणि आपल्यासारख्या शीतखोली नसलेल्या ठिकाणी तीच सुचवते. माध्यम ओढून काढा, थंड पीबीएसनं एकदा धुवा, प्लेट तिरकी धरून कोपऱ्यातला शेवटचा थेंबही काढा, आणि दर खणात १०० मायक्रोलिटर कढत एसडीएस (प्रथिनं उलगडणारा साबणासारखा पदार्थ) सॅम्पल बफर सोडा: ट्रिस ६२.५ मिलिमोलर पीएच ६.८, एसडीएस २ टक्के, ग्लिसरॉल १० टक्के, डीटीटी ५० मिलिमोलर, किंचित ब्रोमोफिनॉल ब्लू. एसडीएसनं फॉस्फेटेज तिथल्या तिथे निकामी होतात, कोणाला काही करायला वेळच मिळत नाही. खरवडलंत की शेंबडासारखा चिकट, ताणला जाणारा गोळा हाती येईल. तो पेशींचा डीएनए. २६ गेजच्या सुईतून आठ-दहा वेळा ओढा-सोडा, फेस न आणता. सुरुवातीला सुई अडते, मग अचानक द्रव सरळ वाहू लागतो, तिथं थांबा. सुईला टोपी पुन्हा लावायला जाऊ नका, सरळ सुयांच्या डब्यात. मग ९५ अंशाला पाच मिनिटं.

या वाटेची किंमत अशी की सॅम्पल बफरमध्ये प्रथिन मोजणं अवघड होतं. प्रथिन मोजण्याच्या ब्रॅडफोर्ड पद्धतीला एसडीएस चालत नाही, बीसीए पद्धतीला डीटीटी चालत नाही. म्हणून प्रत्येक खणात पेशी मोजून सारख्याच टाका, आणि पुढे पॉन्सो (मेम्ब्रेनवरचं सगळं प्रथिन दाखवणारा लाल रंग) आणि एकूण एकेटी (फॉस्फेट असो-नसो, सगळं एकेटी) यांवर भरवसा ठेवा. आरआयपीएचं लायसेट असेल तर बीसीएनं मोजून दर लेनला २० ते ३० मायक्रोग्रॅम भरा.

आणखी एक, खास आपल्या थंडीसाठी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी प्रयोगशाळा उघडली की १० टक्के एसडीएसची बाटली पांढरी, साखरेच्या पाकासारखी बसलेली दिसते. ती खराब झालेली नाही. कोमट पाण्यात ठेवून, हलवून पूर्ण विरघळवा आणि मगच मोजा. वरचं पाणी ओतून घेतलंत तर बफरमध्ये एसडीएस गेलंच नाही.

जेलपासून रात्रीपर्यंत

१० टक्के जेल पुरतं. पीव्हीडीएफ मेम्ब्रेन मिथेनॉलमध्ये अर्धा मिनिट भिजवा, टँक ट्रान्सफर १०० व्होल्टला तासभर, टाकीत बर्फाची पिशवी. वीज जायची भीती असेल त्या दिवशी टाकी इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. ट्रान्सफर मधेच थांबलं आणि तासाभरानं चालू झालं, तर त्या ब्लॉटवरून प्रमाणं काढू नयेत असं मी म्हणते. पॉन्सोनं रंगवा, फोटो काढा, धुवा.

ब्लॉकिंगला, म्हणजे मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा झाकायला, ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) किंवा दूध पावडर, तासभर. अँटिबॉडी मात्र ५ टक्के बीएसएमध्येच विरघळवा, पत्रकात वेगळं लिहिलं नसेल तर. दुधातल्या केसिनवर स्वतःचीच फॉस्फेटं असतात, आणि फॉस्फेट ओळखणाऱ्या अँटिबॉडीला ती भुलवू शकतात. धुण्यासाठी टीबीएस-ट्वीन: ट्रिस २० मिलिमोलर, मीठ १५० मिलिमोलर, पीएच ७.६, ट्वीन-२० ०.१ टक्का. इथं पीबीएस टाळा.

ट्रेमध्ये १० मिलिलिटर ओतण्यापेक्षा मेम्ब्रेन जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, तीन बाजू सीलिंग मशीननं बंद करा, अडीच-तीन मिलिलिटर अँटिबॉडी सोडा, बोटानं बुडबुडे वरच्या तोंडाकडे सारत न्या आणि चौथी बाजू बंद करा. एकही बुडबुडा प्रथिनाच्या बाजूला ठेवू नका, सकाळी तिथं गोल पांढरा डाग मिळेल. ४ अंशाला रात्रभर, रॉकरवर. रॉकर फ्रिजमध्ये मावत नसेल तर पिशवी आडवी ठेवा आणि घरी जाण्याआधी, सकाळी आल्यावर उलटी करा.

सकाळी पाच-पाच मिनिटांचे तीन धुवे, मग सशाविरुद्धची, एचआरपी (ल्युमिनॉलचं द्रावण उजळवणारं एन्झाइम) लावलेली दुसरी अँटिबॉडी तासभर, पुन्हा तीन धुवे. सोडियम अ‍ॅझाइड एचआरपीला मारतं, म्हणून ते धुण्याच्या किंवा दुसऱ्या अँटिबॉडीच्या द्रावणात येता कामा नये. वापरलेली पहिली अँटिबॉडी ०.०२ टक्के अ‍ॅझाइड घालून ४ अंशाला ठेवता येते आणि पुन्हा वापरता येते, पण त्या ट्यूबवर 'अ‍ॅझाइड' असं ठळक लिहा. ल्युमिनॉलचं द्रावण फ्रिजमधून आधीच बाहेर काढा. थंड द्रावण मंद उजळतं.

फोटो एकच नको. काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेगवेगळे घ्या आणि जिथं एकही बँड जळलेला नाही तोच मोजायला घ्या. बँडच्या मधोमध पांढरी पोकळी दिसली तर एचआरपी जास्त झालंय, दुसरी अँटिबॉडी पातळ करा.

बँड वाचताना

६० किलोडाल्टनजवळ उपाशी लेनमध्ये फिकट रेघ, इन्सुलिनला ठसठशीत, एलवायला नाहीशी, डीएमएसओला पुन्हा ठसठशीत. असं दिसलं तरच तुमच्या नमुन्याच्या लेनकडे बघा.

त्यानंतर एकूण एकेटी. शक्यतो तेच नमुने दुसऱ्या जेलवर एकाच वेळी चालवा. एकच मेम्ब्रेन असेल तर फॉस्फोची अँटिबॉडी आधी, मग ती उतरवा: ट्रिस ६२.५ मिलिमोलर पीएच ६.८, एसडीएस २ टक्के, बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल १०० मिलिमोलर, ५० अंशाला अर्धा तास, फ्यूम हूडमध्येच. नुसती दुसरी अँटिबॉडी आणि ल्युमिनॉल लावून पडदा कोरा येतो का बघा, मग एकूण एकेटी लावा. फॉस्फोचा आकडा एकूण एकेटीनं भागायचा. अ‍ॅक्टिननं (पेशीत कायम असणारं दुसरं प्रथिन) भागलेला आकडा तेवढं सांगत नाही.

आता आपल्या जिल्ह्यातल्या प्रकल्पांबद्दल, कारण दर वर्षी कोणी ना कोणी द्राक्षबियांचा किंवा वाइनरीतल्या चोथ्याचा अर्क घेऊन येतं. विषय चांगला आहे, माल हाताशी आहे, आणि म्हणूनच तो नीट व्हावा असं मला मनापासून वाटतं. या अर्कांत टॅनिन आणि पॉलिफिनॉल भरपूर. टॅनिन प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतात, म्हणून लायसेट करण्याआधी पेशी दोनदा धुवा. पॉलिफिनॉल पेशींच्या माध्यमात हवेशी क्रिया होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. आणि पेरॉक्साइड पीटेनला निकामी करून फॉस्फो-एकेटी वाढवू शकतं. मग तुम्ही म्हणणार अर्कानं जगण्याचा निरोप दिला, प्रत्यक्षात दिला पेरॉक्साइडनं. यासाठी एका खणात अर्कासोबत कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) टाका. बँड खाली आला तर कारण कळलं.

उलट बाजूही आहे. चोवीस तासांनी फॉस्फो-एकेटी कमी दिसतं आणि लगेच 'कर्करोगविरोधी गुणधर्म' असं शीर्षक लिहिलं जातं. एकूण एकेटीही कमी झालंय का? खणात निम्म्या पेशी तरंगताहेत का? पेशी आधी मेल्या आणि मग निरोप गेला, की निरोप गेला म्हणून पेशी मेल्या, हे एका वेळेच्या एका बँडवरून कळत नाही. दहा मिनिटं, एक तास, सहा तास, चोवीस तास असे नमुने घ्या. सोबत एकेटीचं काम प्रत्यक्ष होतंय का हे बघायला जीएसके-३ बीटा या, एकेटी ज्यावर फॉस्फेट चढवतं त्या प्रथिनाच्या फॉस्फेट चढलेल्या सेरिन ९ ची अँटिबॉडी लावा, बँड ४६ किलोडाल्टनला. मरणाची खूण म्हणून तुटलेलं पार्प, ८९ ला. इतकं केलंत तर प्रबंधातलं ते वाक्य मी आनंदानं वाचेन.

प्रबंधात चित्र घालताना मार्करसकट अख्ख्या मेम्ब्रेनचा फोटो परिशिष्टात द्या. डेन्सिटोमेट्रीसाठी (बँड किती गडद ते मोजण्यासाठी) इमेजरमधली मूळ टिफ फाइल पेनड्राइव्हवर घ्या; व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, त्याच्यावरून काढलेले आकडे मी तपासून सही करत नाही.